एकसष्टावा भाग

शेतातल्या राखणदाराला द्यायचा राखणीचा कोंबडा शनिवारीच आणून डालग्याखाली झाकला होता, आणि रविवारी सकाळपासून त्या घरात मोकळ्या गळ्यानं ओरडणारा तो एकटाच होता. बाकी सगळ्यांचे आवाज नऊ दिवसांपासून खाली आले होते. बोलणं बंद नव्हतं. पण बोलण्याआधी जो तो दाराकडे बघून घेत होता आणि बोलून झालं की समोरच्याच्या तोंडाकडे.

अंबाबाई परसात राखणीचा तांब्या चिंचेनं घासत बसल्या होत्या. मालोजी मागून येऊन उभे राहिले. सत्तरीतला माणूस, पण चोरपावलांनी यायचं वळण त्यांना या नऊ दिवसांतच लागलं होतं.

"तूच बोललीस," ते म्हणाले.

"नाय."

"मग मी बोललो?"

"ते तुमालाच ठावं. पारावर बसता, तंबाखू मळता. बोलता बोलता सुटलं असंल."

"अडतीस वरसं नाय सुटलं ते आता सुटंल?"

"माझं तरी का सुटावं मग?"

नवरा-बायकोचा हा संवाद या नऊ दिवसांत गोठ्यात झाला होता, शेताच्या वाटेवर झाला होता, आणि एकदा कशेळ्याच्या बाजारात वांगी निवडतानाही झाला होता. दोघांचाही एकमेकांवर रत्तीभर विश्वास उरला नव्हता. चाळीस वर्षांच्या संसाराला एका मोबाईलनं असं गाठलं होतं.

मोबाईलवर गोष्टींचं एक अ‍ॅप होतं. त्यात रविवार सोडून रोज दहा-पंधरा मिनिटांचा एक भाग यायचा, कुणी गोड गळ्याची बाई तो वाचायची. मालिकेचं नाव 'मागच्या दाराची सून'. घरात ती पहिल्यांदा ऐकायला लागल्या त्या मालोजींच्या धाकट्या बहीण, वनिताआत्या. अठ्ठावन्न वर्षांच्या, बिनलग्नाच्या. मालोजींच्या थोरल्या मुलानं, सुनीलनं टाकून दिलेला जुना फोन तांदळाच्या डब्याला टेकवायचा आणि भाकऱ्या थापता थापता ऐकायचं, हा त्यांचा रोजचा नेम. मग शेजारणी ऐकायला लागल्या, मग अर्धं कळंब गाव. चाळिसाव्या भागाच्या सुमाराला गावाच्या लक्षात आलं, की या गोष्टीतलं घर आपल्या ओळखीचं आहे. गोष्टीतला म्हातारा रोज गोठ्यात बसून म्हशीला पेपर वाचून दाखवायचा. मालोजीही दाखवायचे. लोक वाटेत अडवून विचारायला लागले, आज म्हशीला काय खबर दिली? मालोजी वरवर चिडायचे. मनातून त्यांना ते आवडलंही होतं, कारण गोष्टीतला म्हातारा चांगला शहाणा दाखवला होता.

मग एकसष्टावा भाग आला.

आपल्याकडे मुलाकडच्यांना मुलगी पसंत पडली की ते निरोप्याच्या हाती नारळ देतात. तो नारळ घरी येऊन मुलीच्या ओटीत पडला की सोयरीक झाली, आणि निरोप्या रिकाम्या हातानं आला की काय ते समजायचं. एकसष्टाव्या भागात गोष्टीतल्या आत्येची तरुणपणची हकिकत होती. तिला शहरातलं स्थळ आलेलं, भाऊ जबाब आणायला गेलेला. त्याला नारळ मिळाला. परतताना त्यानं तो रस्त्याकडेच्या नाल्यात टाकला आणि घरी येऊन सांगितलं, त्यांना पोरगी पसंत नाही.

हे ऐकून वनिताआत्या म्हणाल्या होत्या, "बिचारी. तिला ठावं पन नाय." आणि भाकरी उलटली होती. शेजारी बसलेल्या अंबाबाईंची भाकरी मात्र तव्यावर काळी पडली.

कारण अडतीस वर्षांपूर्वी वनिताला खालापूरचं स्थळ आलं होतं. जबाब आणायला मालोजी गेले होते. नारळ मिळाला होता. आणि तो तिच्या ओटीत पडला नव्हता. हे जगात दोन माणसांना ठाऊक होतं आणि ती दोघं आता परसात एकमेकांकडे चोराकडे बघावं तसं बघत होती. त्यातून गोष्टीत एक बारीकसं खोटं होतं, आणि मालोजींना खऱ्यापेक्षा त्या खोट्याचाच राग जास्त होता. पण तो राग बायकोपुढेही बोलून दाखवण्यासारखा नव्हता.

"आज राखणीच्या नारळावर सगळ्यांचे हात ठेवायला लावतो," ते म्हणाले. "म्हनायचं, घरातली गोष्ट माझ्या तोंडातून भायेर गेली नाय. कोन कचरतं ते दिसंल."

"ठेवा की. पयला तुमीच ठेवा," अंबाबाई म्हणाल्या आणि तांब्या पुन्हा घासायला लागल्या, जरी तो केव्हाचा लख्ख झाला होता.

*

निलेश, धाकटा मुलगा, खालापूरहून मोटरसायकलवर दहाला आला. तिथं त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर दुसऱ्यांचे कागद हाताखालून जात असल्यामुळे आपल्याला सगळं कळतं अशी त्याची समजूत होती. आल्या आल्या त्यानं थोरल्या भावाला ओटीच्या कोपऱ्यात घेतलं.

"दादा, सरळ बोलू? वैनी हाय."

"कशावरनं?" सुनील म्हणाला.

"कशावरनं काय? आईला मोबाईल उघडता येत नाय. आत्या ऐकते, पन तिला लिवायला कुठं येतंय चार ओळींच्या वर? तू सकाळी खोपोलीला कंपनीत जातोस ते रात्री येतोस. राहिलं कोन? ती कुनाला तरी सांगते आनि तो लिवतो."

"तो कोन?"

"ते तू शोधायचं, मी कशाला बोलू."

सुनील बायकोच्या बाजूनं काहीबाही बोलला, पण त्यात जोर नव्हता. त्याचं कारण त्याच्यापाशी होतं. पंधरा दिवसांपूर्वी तो कामावरून लवकर आला, तेव्हा तेजश्री मोरीत नळ सोडून फोनवर हळू आवाजात बोलत होती. दाराशी उभं राहून त्यानं ऐकलं. ती म्हणत होती, "नाही, एवढ्यात नको. नवऱ्याला दिवाळीनंतर मारू." तेव्हापासून सुनीलचं जेवणात लक्ष नव्हतं. तिनं वाढलेली आमटी तो आधी तिला खाऊ द्यायचा. याबद्दल तो कुणाजवळही बोलला नव्हता, आणि निलेशजवळ तर मुळीच बोलणार नव्हता.

तो उठून आतल्या खोलीत गेला. तेजश्री राखणीचं सामान पिशवीत भरत होती: कापूर, शेंदूर, अगरबत्ती. आरोही, त्यांची सात वर्षांची पोर, शेजारी खेळायला गेली होती. त्यानं दार लोटून घेतलं.

"तेजू, तुझं काय चाललंय ते मला आत्ता सांग. दिवाळीनंतर कोनाला मारायचंय?"

ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. हसता हसता तिच्या लक्षात आलं की हा घाबरलाय, तेव्हा ती थांबली. तिनं फोन काढला आणि त्याच्या हातात दिला.

"गोष्टीतल्या सुनेच्या नवऱ्याला," ती म्हणाली. "ती गोष्ट मी लिहिते. एक ते अडुसष्ट, सगळे भाग मी लिहिलेत. तुला सांगितलं होतं ना, एका कंपनीचं टायपिंगचं काम घेतलंय. ते हे."

सुनीलनं आलेलं पत्र वाचलं. पुण्याच्या अ‍ॅपवाल्यांचं होतं. मालिका चालली आहे, आता पुढच्या दोनशे भागांसाठी रीतसर करार करू, पूर्णवेळ लेखिका म्हणून घेऊ, आणि यापुढे प्रत्येक भागाच्या सुरुवातीला नाव वाचलं जाईल: लेखन, तेजश्री शेळके. होकार रविवारी संध्याकाळी सहापर्यंत. नाहीतर सत्तराव्या भागावर मालिका आवरती घेऊ.

"आज रविवार," सुनील म्हणाला.

"हो."

लग्नाआधी तिनं कर्जतच्या वाचनालयातलं कपाटच्या कपाट संपवलं होतं हे त्याला माहीत होतं. लग्नानंतर दोन प्रकाशकांनी तिचं बाड परत पाठवलं, तेही माहीत होतं. दुसऱ्या खेपेला तोच टपालातून घेऊन आला होता आणि आता तरी बास कर म्हणाला होता. तिनं बास केलं असं त्यानं धरून चाललं. रेशनच्या अर्जावर, आरोहीच्या शाळेच्या फॉर्मवर तिच्या नावापुढे व्यवसायाच्या चौकोनात 'गृहिणी' हे त्यानंच दर वेळी लिहिलं होतं.

"मला एकदा फॉर्मवरच्या त्या चौकोनात लेखिका लिहायचंय," तेजश्री म्हणाली. "हौस म्हणून नाही. काम म्हणून."

"ते ऱ्हाऊ दे. त्या नारळाच्या भागापासनं घर फिरलंय. ते तुला कोनी सांगितलं? आईनं?"

"कुणी नाही सांगितलं."

"असं कसं?"

"आत्यांना खालापूरचं स्थळ आलं होतं आणि नकार आला, एवढंच आत्या मागे एकदा बोलल्या होत्या. मला गोष्टीत कारण हवं होतं, ती बाई जन्मभर त्या घरात का राहिली त्याचं. म्हणून मी ते रचलं."

"मनानं?"

"मनानं."

"मग आई-बाबा येवढे बिथरलेत कशानं?"

तेजश्रीनं पिशवीचं तोंड बांधलं. नऊ दिवस ती सासू-सासऱ्यांची तोंडं बघत होती. म्हशीचं ऐकून चिडलेला माणूस असा दिसत नाही, हे तिला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं.

"मला भीती वाटतेय सुनील," ती म्हणाली, "मी चुकून खरं लिहिलंय."

त्याला ते पटलं नाही. तिच्या तोंडाकडे बघून तो कुठे खोटेपणा दिसतो का ते शोधत राहिला. मग म्हणाला, "बाबा शपथ घालनार हायत. मुकाट हात ठेव नारळावर आनि म्हन. तुझ्या तोंडातून काय गेलंच नाय ना? हातातून गेलं. म्हंजे शपथ खोटी नाय होत."

ही वकिली त्याची त्यालाच आवडली. तेजश्री पिशवी उचलून बाहेर गेली.

*

राखण म्हणजे शेताच्या राखणदाराला वर्षाचा मान. त्या घराण्याचा राखणदार बांधावरच्या ऐनाच्या झाडाखाली आहे, शेंदूर फासलेला एक दगड. त्याच्यापुढे नारळ फोडायचा, गाऱ्हाणं घालायचं, कोंबडा द्यायचा, आणि दुपारी उशिरा तिथंच शिजवून जेवायचं. त्या दिवशी चारच्या सुमाराला मालोजी दगडापुढे उभे होते आणि त्यांच्यामागे घरची पाच माणसं. भात पोटरीला आलं होतं. बांधापलीकडच्या रिसॉर्टवर मुंबईची पोरं गाणी लावून नाचत होती, पण राखणदारानं त्याची सवय करून घेतलेली दिसत होती.

"बा राखणदारा," मालोजींनी सुरू केलं, "आज वरसाची राखन तुला देतो, ती मान्य कर. गुराढोराला, लेकराबाळाला संभाळ. आनि ह्या घरातली गोष्ट जो कोन भायेर नेतो त्याला तू बघून घे."

मागे कुणीतरी खाकरलं. मालोजी वळले. त्यांनी नारळ दोन्ही हातांत धरून पुढे केला.

"एकेकानं हात ठेवायचा. म्हनायचं, माझ्या तोंडातून गेली नाय. निल्या, तू."

निलेशनं हात ठेवला, म्हणाला. सुनीलनं ठेवला, घाईघाईनं म्हणाला. अंबाबाई पुढे आल्या, त्यांनी नवऱ्याच्या डोळ्यात बघत हात ठेवला आणि एकेक शब्द वेगळा उच्चारला. त्यांचा हात अजिबात हलला नाही. मालोजींच्या मनात आलं, ही खरं बोलतेय, आणि मी तर बोललो नाही, मग गेलं कुठून?

वनिताआत्या म्हणाल्या, "माझ्याकडं कसली गोष्ट हाय भायेर न्यायला?" आणि हात ठेवला.

मग तेजश्री. ती पुढे आली, नारळाकडे तिनं बघितलं, आणि हात पदराआडच ठेवला.

"मी नाही शपथ घेत, बाबा."

"बघा," निलेश म्हणाला.

"कुणाला सांगितलं नाही मी. ती गोष्ट मीच लिहिते."

पहिल्यांदा कुणाला काही कळलंच नाही. मग वनिताआत्या तिच्याकडे वळल्या. "आपली? ती मागच्या दाराची?"

"हो, आत्या."

"तू लिवतेस?" वनिताआत्यांच्या चेहऱ्यावर नवल होतं. "ते सासू पाय घसरून पडते, ते पन?"

"सगळं."

अंबाबाईंना मात्र नवल करायला वेळ नव्हता. "कोनी सांगितलं तुला?" त्या म्हणाल्या. "ह्यांनी?"

"मी?" मालोजी गरजले. "मी सुनेला सांगंन? तूच बसतेस तिच्याजवळ शेंगा सोलत."

"आई, बाबा, कुणी नाही सांगितलं," तेजश्री म्हणाली. "मी मनानं लिहिलं."

"मनानं कोन लिवतं?" अंबाबाई म्हणाल्या. "घडल्याबिगर मनात कुठनं येतं?"

"येतं, आई. तेच तर काम आहे माझं. ती बाई मी केलेली आहे, तिचा भाऊ मी केलेला आहे. तो नारळ घेऊन येतो आणि नाल्यात टाकतो, तेही..."

"ते खोटं हाय," मालोजी म्हणाले.

त्यांचा आवाज एकदम चढला होता. नऊ दिवस आत दाबलेलं ते हेच होतं. गावात लोक गोष्टीतल्या भावाला शिव्या घालत होते, मेल्यानं नारळ नाल्यात टाकला म्हणत होते, आणि मालोजींना ते मुकाट ऐकावं लागत होतं. ज्यानं जन्मभर राखणदाराची एक राखण चुकवली नाही, पडलेला नारळसुद्धा कपाळाला लावून उचलला, त्याच्या नावावर हे.

"नाल्यात कोन टाकतं गं नारळ? देवाची वस्तू ती. काय पन लिवायचं? गावदेवीपुढं फोडला मी तो. कापूर लावून, रीतसर."

बोलून झाल्यावर ते तसेच उभे राहिले, हातात नारळ धरून. आपण काय बोललो ते त्यांना अंबाबाईंच्या तोंडाकडे बघून कळलं.

"कवा, दादा?" वनिताआत्यांनी विचारलं.

पलीकडे रिसॉर्टवर गाणं बदललं.

"कवा फोडलास? खालापूरवरनं आलास तवा?"

"वने..."

"खोबरं आनलंवतंस तू घरी. पंचाच्या गाठीत. मी इचारलं कशाचं, तर म्हनलास गावदेवीचं." वनिताआत्या आठवून आठवून बोलत होत्या, आवाज चढवत नव्हत्या. "गोड व्हतं. मी आनखी मागून घेतलं. आन मग जेवताना तू सांगितलंस, त्यांना पसंत नाय."

"एक वरीस थांबवायचं व्हतं निस्तं," मालोजी म्हणाले. "आई आंधळी झालीवती. ही सुनीलच्या वेळची बाळंतीन, अंगात उठायची ताकद नाय. आवनी, भाताची लावनी, तोंडावर. घरात हात कोनाचे? म्हनलं, पुढल्या साली बघू, दुसरं स्थळ येईल. त्यांना आठ दिसांनी कळवलं, पोरगी तयार नाय म्हनून."

"आलं का दुसरं?"

"तुला नाकारलेली म्हनून बोभाटा झाला. मग कोन येतंय."

"वन्सं, मला ठावं व्हतं," अंबाबाई म्हणाल्या. "मी बोलले नाय. मला तवा बरं वाटलं, तुमी ऱ्हाताय म्हनून." आणि त्या रडायला लागल्या.

वनिताआत्यांनी पायातली चप्पल नीट केली आणि त्या बांधावरून घराकडे चालू लागल्या. कुणाची त्यांना थांबवायची छाती झाली नाही.

त्या वळणाआड गेल्या तशी बाकीच्यांना वाचा फुटली, आणि इतका वेळ एकमेकांकडे वळलेली बोटं सगळी एकाच दिशेला झाली. निलेश म्हणाला, वैनी, झालं समाधान? अंबाबाई डोळे पुसत म्हणाल्या, आमचं आमी मरेपर्यंत झाकून नेलं असतं. सकाळी एकमेकांवर तुटून पडणारे नवरा-बायको आता शेजारी शेजारी उभे होते.

"बंद करायचं ते," मालोजी म्हणाले. "आजपासून."

"बाबा, आज सहाला तिला करारावर होकार द्यायचाय," सुनील बोलून गेला. "कायमचं काम लागतंय तिला." त्यानं हे भांडायला म्हटलं नव्हतं, पण म्हटलं, आणि मग मागेही घेतलं नाही. "तिनं कोनाचं घर फोडायला नाय लिवलं. तिला खरंच ठावं नव्हतं. मला पन आत्ता पटलं. ठावं असतं तर तिनं पन गावदेवीच लिवली असती."

मग मालोजींनी एक तोडगा काढला, आणि त्यात त्यांची जुनी चलाखी होती.

"वनीला इचार," ते सुनेला म्हणाले. "तिचं हाय ते. ती हो म्हनली तर लिव. नाय म्हनली तर ह्या घरात पुन्यांदा ते नाव नको."

वनिता नाहीच म्हणणार, याची त्यांना खात्री होती. घरासाठी तिनं आजवर कधी कशाला नाही म्हटलं नव्हतं, आणि स्वतःसाठी कधी कशाला हो.

नारळ शेवटी निलेशनं फोडला. खोबरं कुणी हातात घेतलं नाही.

*

तेजश्री घरी पोचली तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. वनिताआत्या मागच्या पडवीत बसल्या होत्या, पुढ्यात काही नव्हतं. त्यांना असं रिकाम्या हातानं बसलेलं तेजश्रीनं नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं. फोन शेजारी उताणा पडला होता.

"बाबांनी तुम्हाला विचारायला सांगितलंय," ती म्हणाली. "मी पुढे लिहू की नको."

"किती दिस ऐकतेयस तू माझं?"

"म्हणजे?"

"म्हंजे मी चुलीपुढं बसून काय काय बोलत व्हते. पाय दुखतात म्हनले, तुझ्या त्या बाईचे पाय दुखले. मला वाटायचं, बाई कशी माझ्यासारखी हाय. मी तुझ्याजवळच तुझं कौतुक करत व्हते. आन तू बटाटे सोलत ऐकत व्हतीस."

ते खरंच होतं. कुणी काही चांगलं बोललं की तेजश्रीचे हात कामात राहायचे आणि कान तिकडे जायचे. नऊ वर्षं घर तिला घुमी समजत होतं.

"हो, ऐकत होते," ती म्हणाली. "चुकलं माझं. पण नारळ तुमच्याकडून नाही घेतला, आत्या."

"ते ठावं हाय. मलाच ठावं नव्हता तर तुला कुठनं देनार?" वनिताआत्या म्हणाल्या, "मी रडलेवते त्या भागाला. तुला सांगते, मोरीत जाऊन रडले. मला वाटलं, ही बया माझ्याहून कमनशिबी हाय. मला निदान त्यांनी नाकारलंवतं."

आतल्या खोलीत घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. तेजश्रीनं तिकडे बघायचं टाळलं.

"नाय लिवायचं," वनिताआत्या म्हणाल्या. "माझं हाय ते. सगळ्यांनी वापरलं मला ह्या घरात. आता तू पन."

"बरं."

तिला वाटलं होतं की आपण भांडू, समजावू, निदान रडू. काहीच झालं नाही. तिनं फोन काढला आणि नकार लिहायला घेतला. करार वगैरे काही मनात उरलं नव्हतं. नऊ वर्षं ज्यासाठी सगळ्यांच्या नकळत जागा शोधली ते दोन ओळींत संपवताना बोट मात्र जड झालं होतं. वनिताआत्या तिच्या बोटांकडे संशयानं बघत होत्या.

"काय लिवतेस आता?"

"नको म्हणून कळवतेय. सत्तराव्या भागाला बंद करतील."

"म्हंजे आनखी दोनच?"

"हो."

"आन ती बाई? तिचं काय?"

"काही नाही. आता आहे तशीच. तेवढ्यात काही करता नाही येणार."

"आता ती कुठं हाय?"

"स्वयंपाकघरात," तेजश्री म्हणाली. "भाकऱ्या करतेय. भाऊ जेवायला बसलाय."

वनिताआत्यांनी दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या, तळव्यांवर तव्याचे जुने डाग होते. बांधाकडून माणसं परत येत असल्याचे आवाज यायला लागले. अंबाबाईंचं नाक ओढणं, निलेशचं काहीतरी.

"थांब," त्या म्हणाल्या. "नको धाडू ते."

तेजश्रीनं बोट उचललं.

"तिला तिथं नको ठेवू. चुलीपुढं नको सोडून जाऊ तिला." त्यांचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "लिव तू. पन पयलं तिला घराभायेर काढ. भाऊ जेवतोय तर जेवू दे, भाकरी तव्यावर जळू दे. तिनं उठायचं आन जायाचं."

"कुठे जाईल ती, आत्या?"

"खालापूरला नको धाडू. त्याच्या घरात आता सुना आल्या असतील." वनिताआत्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि तिच्याकडे असं बघितलं, जसं आजवर त्या घरात तिच्याकडे कुणी बघितलं नव्हतं. "मला काय इचारतेस? मी कुठं गेलेय कवा? तूच बघ मनानं."